साबण भरला १८ टक्क्यांनी, विकायचा ५ टक्क्यांनी – हिशेब कसा लावला तुम्ही?

गल्लेवाला | १२ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३:१०

मंडळी, इथं वाचतो रोज, लिहितो क्वचित. आज दुपारी दुकानात चिटपाखरू नाही म्हणून बसलोय लिहायला.

सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आमचं स्टेशनरी, कटलरी आणि जनरल स्टोअर आहे. वडिलांनी टाकलं, आता मी बघतो. जीएसटी रेग्युलर आहे, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं आणि ते विक्रीवरच्या करातून वळतं होतं; उलाढालीवर ठरावीक टक्का भरायचं, क्रेडिट नसलेलं कंपोझिशन नाही. दर महिन्याला रिटर्न जातं.

दिवाळीला आमच्याकडे पहिल्या अंघोळीचा गोल सुवासिक साबण ढिगानं खपतो. हा माल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उचलला की डिस्ट्रिब्युटर बारा बॉक्सवर एक फुकट देतो. दरवर्षी उचलतो, यंदाही उचलला. त्याच गाडीत शांपू, टूथपेस्ट, केसांचं तेल, पावडर, दाढीचं क्रीम. सगळं १८ टक्क्यांचं.

आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की दिवाळीच्या आत जीएसटी उतरवणार. ३ सप्टेंबरला दिल्लीत जीएसटी कौन्सिलची ५६वी बैठक झाली, रात्री अर्थमंत्र्यांनी यादी जाहीर केली. १२ आणि २८ चे टप्पे गेले, ५ आणि १८ राहिले, शीतपेयं आणि मोठ्या गाड्यांसारख्या मोजक्या गोष्टींना ४०. अंमल २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी.

४ तारखेला सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या गल्लीतल्या निवृत्त बाई. शाळेत मला गणित शिकवायच्या. साबणाची वडी हातात घेतली, मागची किंमत वाचली आणि परत फळीवर ठेवली. "राहू दे रे, बावीसला नेते." बाईंनी सुरुवात केली आणि मग सगळा तालुकाच बावीसची वाट बघत बसला. अठरा दिवस. पितृपक्ष होता हे एक निमित्त, पण पितृपक्षात लोक दात घासायचे थांबत नाहीत.

२१ ला रात्री मी आणि पोरगा दुकान आतून बंद करून बसलो. कॉम्प्युटरवाल्या पोरानं फोनवर सांगून टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एचएसएनप्रमाणे, म्हणजे वस्तूच्या कोडप्रमाणे, दर बदलून घेतले. पेन्सिल शून्य, खोडरबर शून्य, शार्पनर शून्य, वही शून्य, कंपासपेटी ५, बॉलपेन १८. एकाच पोराच्या दप्तरात तीन दर! अंघोळीची वडी ५, बाटलीतला हात धुवायचा साबण १८, कपड्याची पावडर १८. आता हे गिऱ्हाइकाला काउंटरवर कोण समजावणार? "साबण स्वस्त झाला म्हणताय, मग निरमा का नाही?" हा प्रश्न मी तीन आठवड्यांत किमान दोनशे वेळा ऐकलाय. आमच्याकडे कुठल्याही कंपनीची कपड्याची पावडर म्हणजे निरमाच.

बरं, माझी खरी अडचण ही. २१ च्या रात्री १८ टक्केवाल्या ज्या वस्तू ५ वर आल्या त्यांचा साठा माझ्याकडे तीन लाखांचा होता, कर सोडून. त्यावर ५४,००० रुपये कर मी डिस्ट्रिब्युटरला देऊन बसलोय. आता तो माल ५ नं विकायचा. माझं मार्जिन आठ टक्के धरा. ३,२४,००० ची विक्री, त्यावर ५ टक्क्यांनी कर १६,२००. म्हणजे ३७,८०० रुपये क्रेडिट लेजरमध्ये, जीएसटीच्या क्रेडिट खात्यात, पडून राहणार. पुढं महिन्याला या मालाची खरेदी दीड लाख, त्यावर कर ७,५००. विक्री १,६२,०००, त्यावर ८,१००. महिन्याला फक्त ६०० रुपये वळते होतात. ३७,८०० भागिले ६०० म्हणजे त्रेसष्ट महिने. सव्वापाच वर्षं! तोवर पोरगं इंजिनिअर होईल.

शिवाय वह्या. ९०,००० च्या वह्या, पेन्सिली वगैरे शिल्लक, १२ नं घेतलेल्या. त्या आता करमुक्त. त्याचं काय होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आणि माझा मावसभाऊ. त्याचं वाडीवर किराणा दुकान, कंपोझिशनमध्ये. तो म्हणतो, "दादा, तुझं अडकलंय, माझं बुडालंय." त्याचं बरोबर आहे का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि बाकीच्या धंद्यांत काय झालं तेही लिहा.

---

मीच तो | दु. ३:३२

दुकानदार रडतोय म्हणजे ग्राहकाला काहीतरी मिळालेलं दिसतंय. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

---

कोपऱ्यावरचा ग्राहक | दु. ४:०५

गल्लेवाले, तुमच्याबद्दल वैयक्तिक राग नाही, पण आम्हीही पोळलेलो आहोत. १५ नोव्हेंबर २०१७ आठवतोय? हॉटेलांचा कर १८ चा ५ झाला. आमच्या ऑफिसखालच्या हॉटेलात मिसळ ६० रुपये होती, कर धरून ७०.८०. दुसऱ्या आठवड्यात गेलो तर मेनूकार्डावर ६० च्या जागी चिकटपट्टी लावून ६८. कर धरून ७१.४०. म्हणजे सरकारनं तेरा टक्के सोडले आणि मी साठ पैसे जास्त दिले! मालकाला विचारलं तर म्हणाला, "कांदा महागलाय."

दर वाढला की दुसऱ्या दिवशी किंमत वाढते, उतरला की जुना स्टॉक आडवा येतो. हा स्टॉक वाढताना कुठं जातो?

---

तारकर्लीकर | दु. ४:४०

ग्राहकसाहेब, मिसळवाल्याची बाजू मी घेणार नाही, साठ पैसे जास्त घ्यायला नको होते. पण तेव्हा नुसता दर उतरला नव्हता, हॉटेलवाल्यांचं इनपुट क्रेडिटही काढून घेतलं होतं. गॅस, भाडं, फर्निचर, भांडी, जे जे कर भरून घेतलं तो कर त्याच्या खर्चात गेला.

आता तेच आमच्या खोल्यांचं झालंय. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर १२ टक्के होते आणि क्रेडिट मिळत होतं. २२ सप्टेंबरपासून ५ टक्के, क्रेडिट बंद. पर्याय नाही, १२ नं भरतो म्हटलं तरी चालत नाही. माझ्या नऊ खोल्या आहेत. दोन हजारांच्या खोलीवर पाहुण्याचे १४० रुपये वाचले, चांगलंच आहे. पण चादरी धुवायला देतो त्यावर १८, ऑनलाइन बुकिंगवाले कमिशन घेतात त्यावर १८, एसीची सर्व्हिसिंग १८. हे सगळं आधी वळतं व्हायचं, आता माझ्या अंगावर. एप्रिलमध्ये चार नवे एसी बसवले तेव्हा त्यांच्यावर २८ टक्के भरले. थांबलो असतो तर १८ लागले असते. आणि ज्या क्रेडिटच्या भरवशावर बसवले ते एसीच्या उरलेल्या आयुष्यापुरतं परत करायला सांगतायत.

पाहुण्यांना काय सांगू? "वायंच दर वाढवलाय" म्हटलं की लगेच, "अहो जीएसटी कमी झाला ना!"

---

खातेवही | सायं. ६:२५

मी कर सल्लागार आहे. गेले दीड महिने हेच करतोय त्यामुळे थोडं लांबेल.

गल्लेवाले, तुमचं गणित बरोबर पण मांडणी चुकली. क्रेडिट लेजर वस्तुवार नसतं. साबणाचं क्रेडिट साबणाच्याच करातून वळतं करायचं असा नियम नाही, सगळा हौद एकच. तुम्ही कपड्याची पावडर, बॉलपेन, लिक्विड साबण हे १८ नं विकता. त्याची महिन्याची खरेदी किती?

---

गल्लेवाला | सायं. ६:४०

धरा एक लाख. मार्जिन दहा टक्के.

---

खातेवही | सायं. ७:०२

मग त्या दहा हजारांच्या मार्जिनवर १,८०० रुपये कर तुम्ही दरमहा रोखीनं भरत असणार. ते आता या लेजरमधून भरायचे. ६०० अधिक १,८०० म्हणजे महिन्याला २,४००. ३७,८०० संपायला सोळा महिने लागतील. सव्वापाच वर्षं नाहीत.

पण थांबा, वह्या राहिल्या. वस्तू पूर्ण करमुक्त झाली की कलम १८(४) लागतं. ज्या दिवशी माफी लागू झाली त्याच्या आदल्या दिवशीच्या, म्हणजे २१ सप्टेंबरच्या साठ्यावर घेतलेलं क्रेडिट परत करायचं. ९०,००० वर १२ टक्के म्हणजे १०,८००. ते याच हौदातून जाईल. उरले २७,०००. सव्वाअकरा महिन्यांत मोकळे.

---

गल्लेवाला | सायं. ७:१५

म्हणजे साबणाच्या क्रेडिटनं वह्यांचा खड्डा बुजवला. आनंद मानू की काय करू?

---

खातेवही | रात्री ८:१०

आनंद मानू नका, कारण ते १०,८०० तुमचे गेलेच. ५ टक्क्यांवर आलेल्या मालाचं क्रेडिट अडकतं, शून्यावर आलेल्या मालाचं जातं. लोकांना वाटतं शून्य म्हणजे सगळ्यात मोठी सूट. व्यापाऱ्याला पाच परवडतात, शून्य परवडत नाही. २७ जुलै २०१८ ला सॅनिटरी नॅपकिन १२ वरून शून्यावर आले तेव्हाही हाच घोळ झाला होता. विक्रीवरचा कर गेला, पण कच्च्या मालावर भरलेला कर किमतीत मुरला.

काही जण विचारतात, इन्व्हर्टेडचा रिफंड मागता येईल का, खरेदी १८ नं आणि विक्री ५ नं आहेच की. नाही. ती सोय कच्चा माल आणि पक्का माल वेगळा असेल त्यांच्यासाठी. तोच साबण आणला, तोच विकला, मधे फक्त तारीख बदलली, तर रिफंड नाही हे २०२० च्या परिपत्रकात आलेलं आहे.

आता तुमचा मावसभाऊ. त्यानं शब्दशः खरं सांगितलं. एक लाखाचा माल घ्या. त्यानं कर धरून १,१८,००० मोजले. कंपोझिशनमध्ये क्रेडिट नाही, म्हणजे १,१८,००० हीच त्याची खरेदी. दहा टक्के मार्जिन धरून तो माल आधी १,२९,८०० ला जायचा, आता नव्या दरानं १,१५,५०० ला जातो. घेतल्या किमतीच्या खाली! अडीच हजार तिथं गेले आणि विक्रीवर एक टक्का कंपोझिशनचा कर आहेच, १,१५५. लाखामागं ३,६५५ चा तोटा. जुन्या एमआरपीनं विकायला त्याला कायद्यानं बंदी नाही, पण समोरचं रेग्युलर दुकान कमी किमतीत देत असेल तर त्याच्याकडे कोण येणार?

ज्यांची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे आणि जे जीएसटीत नाहीतच, त्यांचीही हीच गत. पानटपरी, वाडीवरची दुकानं, शाळेसमोरचे स्टेशनरीवाले. गंमत बघा, टीव्हीवर सगळी चर्चा कार कंपन्यांची.

---

दोनचाकी | रात्री ९:३०

कारवाल्यांचंही काही सुखाचं नव्हतं हो. मी अकलूज भागात मोटरसायकलींचा सब-डीलर आहे. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्या २८ वरून १८ वर आल्या. ८०,००० मूळ किमतीच्या गाडीत आठ हजारांचा फरक. आता कोण शहाणा गणपतीत गाडी घेईल? गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. एरवी त्या दहा दिवसांत आमच्याकडे हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. यंदा लोक यायचे, गाडीवर बसायचे, हॉर्न वाजवायचे, चहा प्यायचे आणि "बावीसला भेटू" म्हणून जायचे. शोरूममध्ये ३८ गाड्या उभ्या. बँकेचं व्याज काही बावीसची वाट बघत नव्हतं.

घटस्थापनेला सकाळी सहाला शटर उघडलं. रात्री अकराला बंद केलं. दसऱ्यापर्यंत ३८ च्या ३८ गेल्या आणि वर नव्या मागवल्या. विक्री बुडाली नाही हे खरं, पण ऑगस्ट-सप्टेंबरचं व्याज कुठल्या दसऱ्यानं भरून निघतं? माझं म्हणणं एकच, घोषणा आणि अंमल यांत चाळीस दिवस ठेवू नका. रात्री सांगा, सकाळी लागू करा.

चारचाकीवाल्या मित्राची वेगळीच तऱ्हा. त्याच्या लेजरला सेसचं (जीएसटीवरच्या जादा उपकराचं) क्रेडिट होतं. गाड्यांवरचा सेसच रद्द झाला. क्रेडिट आहे, ते वापरायला करच नाही.

---

कोपऱ्यावरचा ग्राहक | रात्री ९:५२

"रात्री सांगा, सकाळी लागू करा" याचा अनुभव देशानं एकदा घेतलाय. पुरे.

---

मीच तो | रात्री ९:५५

😂 हजारदा सहमत. पाचशेदापण.

---

जकातनाका | १३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७:२०

मी या धाग्यात बहुतेक सगळ्यात म्हातारा. बॉम्बे सेल्स टॅक्सच्या काळात, म्हणजे १९५९ च्या कायद्याखाली, वडिलांच्या पेढीवर बसायला लागलो. सी फॉर्म (परराज्यातल्या व्यवहारावर कमी कर लागावा म्हणून लागणारा कागद) गोळा करायला हुबळीच्या एसटीनं जायचो. मग १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, त्यात ४ आणि साडेबारा. जकात गेली, तिच्या जागी महापालिकेचा स्थानिक कर एलबीटी आला, २०१३ च्या उन्हाळ्यात त्याविरुद्ध आम्ही दुकानं बंद ठेवून उन्हात घोषणा दिल्या. १ ऑगस्ट २०१५ ला पन्नास कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी.

इतके बदल पाहिल्यावर मला एवढंच कळलंय की व्यापारी दराला फारसा घाबरत नाही. दर पाच असो वा पंधरा, तो गिऱ्हाइकाकडून घेतो आणि सरकारात भरतो. त्याला मारते ती तारीख. बदलाच्या आदल्या रात्री गोदामात काय पडलंय त्यावर त्याचं वर्ष ठरतं. आमच्या वडिलांची पद्धत होती, फेब्रुवारीत बजेट आलं की महिनाभर माल हातावर ठेवायचा, नेमका आठवड्यापुरता. आता बजेटची तारीख माहीत असते, कौन्सिलची बैठक कधीही बसते.

ग्राहकसाहेबांनी विचारलं वाढताना स्टॉक कुठं जातो. खरं उत्तर देतो. खिशात जातो. पण छापील एमआरपी आल्यापासून ते तितकं सोपं राहिलं नाही, आणि रेग्युलर व्यापाऱ्याला तर वाढीव कर विक्रीच्या तारखेनं भरावाच लागतो.

आणि दरात फट दिसली की बाजार तिच्यातून वाहतो. १८ जुलै २०२२ ला २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद धान्य-पिठावर ५ टक्के लागले. महिन्याभरात बाजारात २६ किलोची पोती हजर! एक किलो तांदूळ वाढवला आणि पोतं करातून बाहेर.

---

तारकर्लीकर | सकाळी ८:४५

काकांनी फटीचा विषय काढला म्हणून अवांतर. पेट्रोल, डिझेल आणि दारू अजून जीएसटीत नाही, राज्याचा व्हॅटच. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास उतरले. आमचे सावंतवाडी-बांद्याकडचे लोक टाकी रिकामी करत पत्रादेवीपर्यंत जायचे आणि भरून यायचे. आता गोव्याचा दर तेवढा खाली नाही, पण आमच्यापेक्षा कमीच आहे आणि सवय काही गेली नाही. बांद्याच्या पंपवाल्यानं काय गुन्हा केला होता? त्याचं दुकान सीमेच्या अलीकडे आहे एवढाच.

---

पुठ्ठा-बांधणी | सकाळी ११:१०

कोल्हापूरला माझा छोटा कारखाना आहे, वह्या आणि पावतीबुकं बनवतो. गल्लेवाल्यांकडच्या वह्या कदाचित माझ्याच असतील.

पूर्वी कागदावर १२ देत होतो, वहीवर १२ घेत होतो. सरळ हिशेब. आता वही शून्य, वहीसाठीचा साधा कागदही शून्य, पण बाकी कागद १८. पावतीबुक आधीपासून १८ वर आहे. रीळ तेच, मशीन तेच, कामगार तोच. सकाळी शंभरपानी वही कापली की शून्य, दुपारी बिलबुकं कापली की १८. गोंद, तार, शाई, मशिनची दुरुस्ती यावरचं क्रेडिट वहीला किती आणि पावतीबुकाला किती, याची वाटणी करून वहीच्या वाट्याचं सोडून द्यायचं. माझ्याकडे आधी एक मुनीम होता, आता अर्धा मुनीम या वाटणीलाच लागतो.

शाळावाले फोन करतात, "शेठ, वही बारा टक्क्यांनी स्वस्त द्या." शंभराची वही कर धरून ११२ ला जायची. जुना कागद १२ नं भरलेला, बाकीच्या सामानावर कर, असं सात रुपयांच्या आसपास क्रेडिट मी त्यातून वळतं करून घ्यायचो. ते सात आता माझ्या खर्चात. म्हणजे ११२ ची वही मला १०७ च्या खाली देता येत नाही. शाळावाल्यांना वाटतं मी पाच दिले आणि सात खाल्ले.

---

कोपऱ्यावरचा ग्राहक | सकाळी ११:४०

हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ठीक, वहीवाल्यावरचा आरोप मागे घेतो. मिसळवाल्यावरचा ठेवतो.

पण मला एक सांगा, खरोखर कुणी दर उतरूनही किंमत उतरवली नाही तर तक्रार कुठं करायची? नफेखोरीविरोधी प्राधिकरण होतं ना?

---

खातेवही | दु. १२:३०

होतं. ते २०२२ च्या नोव्हेंबरअखेर मिटवलं, काम स्पर्धा आयोगाकडे गेलं, १ ऑक्टोबर २०२४ पासून अपिलीय न्यायाधिकरणाकडे. आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणं बंद. म्हणजे सगळ्यात मोठी दरकपात झाली तेव्हा कलम १७१ (दरकपातीचा फायदा ग्राहकाला द्या सांगणारं) पुस्तकात होतं, पण त्याखाली नवी तक्रार घ्यायला कुणी नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. तिथं नोंदवता येतं.

शिक्क्यांबद्दल गल्लेवाल्यांनी विचारलं नाही, पण बरेच दुकानदार घाबरलेत म्हणून लिहितो. जुन्या मालावर नवी एमआरपी चिकटवणं दुकानदाराला सक्तीचं नाही. ग्राहक व्यवहार खात्यानं सप्टेंबरमध्ये ते ऐच्छिक केलं. एमआरपी ही कमाल किंमत असते, तिच्या खाली विकायला कुणाची परवानगी लागत नाही. बिलात नवा दर आला की झालं.

दुसरं, उधारीवाल्यांसाठी. माल, बिल आणि पैसे या तीन तारखांपैकी ज्या बाजूला दोन पडतील तो दर. कलम १४. माल २० सप्टेंबरला गेला, बिल त्याच दिवशी केलं, पैसे दिवाळीनंतर येणार, तर जुना दर. माल गेला २० ला पण बिल केलं २५ ला आणि पैसेही नंतर, तर नवा. माझ्याकडे एक पक्षकार आला, म्हणे "सगळी जुनी बिलं फाडून २२ तारखेची करू का?" त्याला चहा पाजून घरी पाठवला.

---

श्टुटगार्टची सून | दु. ३:५०

इकडचं थोडं सांगू? जर्मनीत कोविडमध्ये १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२० असे सहाच महिने व्हॅट १९ चा १६ आणि ७ चा ५ केला होता. आमच्या कोपऱ्यावरच्या भारतीय किराणावाल्या काकांकडे मी तेव्हा अर्धवेळ काम करायचे. सहा महिन्यांसाठी सगळी लेबलं बदला आणि सहा महिन्यांनी परत बदला! काकांनी शेवटी लेबलं तशीच ठेवली आणि गल्ल्यावर दोन टक्के कमी करून द्यायचे. तिकडे चालतं तसं.

हॉटेलांना तर जेवणावर १९ चा ७ दिला, साडेतीन वर्षं ठेवला आणि १ जानेवारी २०२४ ला परत १९. ओळखीच्या मराठी ताईंचं छोटं उपाहारगृह आहे. सात होता तेव्हा त्यांनी किमती उतरवल्या नव्हत्या, त्या पैशांवर लॉकडाउन तगून गेल्या. परत एकोणीस झाला तेव्हा वाढवायची हिंमत झाली नाही, गिऱ्हाईक तुटलं असतं. मग मेनूतले वडे चाराचे तीन झाले.

---

दोनचाकी | दु. ४:१५

चाराचे तीन हे भारी. आपल्याकडे उलटं व्हायला हवं. पाच रुपयांचा बिस्किटपुडा १८ वरून ५ वर आला, हिशेबानं ४ रुपये ४५ पैसे होतात. पंचावन्न पैसे कुठून आणायचे?

---

गल्लेवाला | दु. ४:३०

आमच्याकडे ते पंचावन्न पैसे गोळीच्या रूपात जातात, आणि ती एक रुपयाची गोळीसुद्धा आता हिशेबानं ८९ पैशांची. शांपूची दोनची पुडी १.७८. वाडीवरच्या बाया दहा पुड्या एकदम घेतात म्हणून निभावतं. सुट्ट्या एका पुडीला मी दोनच घेतो, खोटं कशाला बोलू. १९१५ वर फोन करणार असाल तर ग्राहकसाहेब, आधी चहाला या.

---

कोपऱ्यावरचा ग्राहक | दु. ४:३८

बावीस पैशांसाठी फोन नाही करत. पण चहा आलं घातलेला हवा.

---

गल्लेवाला | २९ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४५

दिवाळी झाली, धागा वर काढतोय.

साबण गेला. सगळा गेला, दोन बॉक्स उरलेत. बाई बावीसला आल्या नाहीत, वसुबारसेला आल्या आणि सहा वड्या नेल्या. बिल हातात घेऊन काउंटरवरच वजाबाकी केली, "बरोबर आहे" म्हणाल्या. शाळेतसुद्धा मला कधी असं म्हणाल्या नव्हत्या.

डिस्ट्रिब्युटरांचं विचाराल तर एकानं जुन्या मालावर थोडा फरक क्रेडिट नोटनं दिला, दुसरा अजून फोन उचलत नाही. वह्यांचे १०,८०० क्रेडिटमधून परत केले.

खातेवही साहेब, मावसभावासाठी एक विचारायचं होतं. तो म्हणतोय कंपोझिशन सोडून रेग्युलर व्हावं का? आधीच्या साठ्याचं काही मिळेल?

---

खातेवही | रात्री १०:२०

कंपोझिशन सोडलं की आदल्या दिवशीच्या साठ्यावर क्रेडिट घेता येतं, कलम १८(१)(क), फॉर्म आयटीसी-०१, तीस दिवसांच्या आत. बिलं वर्षाच्या आतली हवीत. पण हे त्यानं २२ सप्टेंबरच्या आधी करायला हवं होतं, १८ नं भरलेला सगळा साठा हातात असताना. आता त्यातला बहुतेक माल विकून गेला असणार, नव्या मालावर पाचच टक्के मिळतील. तरी जुना किती उरलाय आणि त्याची बिलं आहेत का ते विचारा.

---

गल्लेवाला | ३० ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:०५

विचारलं. जुना माल चाळीस हजारांचा आहे. बिलं वहिनींनी पिशवीत भरून माळ्यावर ठेवली होती, काल रात्री काढली. निम्मी कच्ची निघाली, शहरातल्या होलसेलवाल्याच्या हातची, वहीच्या पानावर लिहिलेली. खाली नुसतं "श्री" आणि एकूण रक्कम.